ट्रिगर बदलायचाय? मग आधी हे वाचा

कोल्हापूर म्हटलं की बाहेरगावच्या पोरांना कुस्ती, फुटबॉल आणि तांबडा-पांढरा एवढंच आठवतं. पण गेल्या वीस वर्षांत या यादीत आणखी एक गोष्ट जमा झाली आहे, ती म्हणजे नेमबाजी. तेजस्विनी सावंत यांनी २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं मिळवली आणि २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये त्या जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षं लागली.

त्या ऑगस्टपासून आमच्या हॉस्टेलवर एक नवीनच साथ आली. ज्याला त्याला रायफल हवी. ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला ती ‘मॅच’ची करून हवी. आणि मॅचची करायची म्हटलं की सगळ्यांची गाडी एकाच स्टेशनवर येऊन थांबते : “दादा, ट्रिगर कुठला टाकू? हलक्यात हलका सांगा.”

मी एनसीसीचा ‘सी’ सर्टिफिकेटवाला, गेली पाच वर्षं रेंजवर एअर रायफल मारतो, आणि शाखा मेकॅनिकल. त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याच खोलीवर येतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं म्हणून हा लेख. यात थिअरी ऑफ मशीन्स आहे, थोडं मटेरियल सायन्स आहे आणि शेवटी थोडा कायदाही आहे. सिव्हिल-कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये, गणित आठवीचंच आहे.

ट्रिगर म्हणजे नक्की काय?

शुद्ध मराठीत त्याला चाप म्हणतात. पण आपल्याला बाहेरून दिसते ती फक्त बोटाखालची पट्टी. खरं यंत्र आत असतं. रायफलमध्ये एक दाबलेली स्प्रिंग असते आणि ती पुढे झेपावायला टपलेली असते. पॉइंट टू-टूमध्ये ती फायरिंग पिनला ढकलते. हवा भरलेल्या सिलिंडरच्या एअर रायफलमध्ये ती एका छोट्या हातोडीला ढकलते आणि हातोडी व्हॉल्व्ह उघडते. या स्प्रिंगला अडवून धरणारी जी पोलादी कडी, तिला सिअर म्हणतात. आपण ट्रिगर दाबतो म्हणजे ही कडी बाजूला सरकवतो. बास, एवढंच.

गावाकडच्या गोठ्याचं दार आठवा. आतून म्हैस दाराला रेटा देत उभी आहे आणि बाहेरून तुम्ही कडी काढताय. म्हैस जेवढा रेटा देईल तेवढी कडी घट्ट बसते आणि काढायला जड जाते. इथे म्हैस म्हणजे स्प्रिंग, कडी म्हणजे सिअर आणि तुमचा हात म्हणजे ट्रिगर.

ही कडी, पट्टी, मधल्या दांड्या, छोट्या स्प्रिंगा आणि ॲडजस्टमेंटचे स्क्रू हे सगळं एका खोक्यात बसवलेलं असतं. त्याला ट्रिगर ग्रुप किंवा ट्रिगर युनिट म्हणतात. चांगल्या रायफलींत हे अख्खं खोकं बाहेर काढून दुसरं बसवता येतं. म्हणून तर ‘कुठलं बसवू?’ हा प्रश्न पडतो.

हलकेपणा फुकट मिळत नाही

आता थोडं गणित करू. समजा स्प्रिंग सिअरवर ८० न्यूटनचा रेटा देते आहे. पोलादावर पोलाद, मधे तेलाचा हलका थर, तेव्हा घर्षणांक ०.१५ धरू. मग सिअर सरकवायला लागणारं बल ८० गुणिले ०.१५, म्हणजे १२ न्यूटन. हे थेट बोटावर आलं तर सव्वा किलोच्या आसपास होतं. मधे तरफ टाकली आणि बोटाकडची बाजू चौपट लांब ठेवली, तर बोटाला लागतील ३ न्यूटन, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. छान झालं.

पण तरफेचा नियम आपण शाळेतच शिकलोय. बल चारपट कमी झालं तर अंतर चारपट वाढतं. सिअरची पकड अर्धा मिलिमीटर असेल, तर बोटाला २ मिलिमीटर जावं लागेल. अजून हलकं हवं म्हणून मधे आणखी एक दांडी टाकली आणि एकूण गुणोत्तर १२ केलं, तर बोटाला १ न्यूटन, म्हणजे जेमतेम १०० ग्रॅम. मात्र अंतर झालं ६ मिलिमीटर! कार्य दोन्हीकडे तेवढंच राहतं. निसर्ग मेसच्या मॅनेजरपेक्षा कडक आहे, उधारी ठेवत नाही.

मग पोरं काय करतात? “पकडच कमी करू या की! अर्ध्या मिलिमीटरऐवजी एक दशांश ठेवू.” इथे नीट लक्ष द्या. वरच्या गणितात घर्षणाच्या बलात पकडीची लांबी कुठेच येत नाही. म्हणजे पकड कमी केल्याने ट्रिगर खरोखर हलका होत नाही, फक्त त्याचा प्रवास आखूड होतो. बोटाला तो हलका *वाटतो*, कारण चटकन सुटतो. पण त्याच वेळी दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे तोच ८० न्यूटनचा रेटा आता पाचव्या हिश्श्याएवढ्या पृष्ठभागावर पडतो, त्यामुळे ताण पाचपट होतो आणि कडा लवकर झिजते. दुसरी म्हणजे रायफल टेबलावर जरा जोरात ठेवली, बोल्ट धाडकन बंद केला किंवा कोपर लागून पडली, तरी एक दशांश मिलिमीटर सरकायला वेळ लागत नाही. शॉट सुटला. समोर कोण उभं आहे हे तो शॉट विचारत नाही.

टू-स्टेजची युक्ती

या कोंडीतून बाहेर पडायला यंत्रवाल्यांनी फार पूर्वीच एक सुंदर युक्ती काढली, ती म्हणजे टू-स्टेज ट्रिगर. रायफल नुसती हातात असते तेव्हा सिअरची पकड भरपूर असते, म्हणजे सुरक्षित असते. नेमबाज बोट ठेवून पहिला टप्पा ओढतो, तेव्हा ही जास्तीची पकड हळूहळू काढून घेतली जाते. मग बोटाला एक ठाम अडथळा लागतो. तिथे थांबायचं, श्वास स्थिर करायचा, नेम पाहायचा. आता पकड अगदी थोडी उरलेली असते, त्यामुळे दुसरा टप्पा आखूड आणि स्वच्छ तुटतो. मन बदललं आणि बोट काढलं, तर ट्रिगर मागे येतो आणि पूर्ण पकड परत मिळते.

एनसीसीवाल्यांना हे सांगायला नकोच. ‘फर्स्ट पुल, सेकंड पुल’ हे आपण ड्रिलमध्ये तोंडपाठ केलेलं असतं. त्यामागचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे, कारण रायफल कन्व्हर्शनचं ते एक उत्तम उदाहरण आहे. ब्रिटिश फौजेने आपल्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्ड रायफली सरावासाठी पॉइंट टू-टूमध्ये बदलून घेतल्या. भारतात १९४८ साली एनसीसी सुरू झाली, आणि त्या जातीच्या रायफलींवर कॅडेटच्या अनेक पिढ्या शिकल्या. बदल करताना नळी बदलली, बोल्टचं डोकं बदललं, पण ट्रिगर मात्र तोच ठेवला.

का? पॉइंट टू-टूला एवढा जड ट्रिगर लागत नव्हता, पूर्ण दाब दोन-अडीच किलोच्या घरात जायचा. पण ती रायफल बनवली होती ती मोठ्या रायफलीची सवय लावण्यासाठी. सरावाला हलका ट्रिगर आणि प्रत्यक्षात जड, असं झालं असतं तर सगळी तालीम वाया गेली असती. ली-एनफिल्डच्या ट्रिगरच्या वरच्या टोकाला दोन उंचवटे असतात. पहिला सिअरला टेकतो तेव्हा ओढ हलकी पण लांब असते. दुसरा टेकला की तरफेचं गुणोत्तर बदलतं आणि ओढ जड पण आखूड होते. दोन उंचवट्यांत टू-स्टेज! स्क्रू नाही, ॲडजस्टमेंट नाही, चिखलात पडली तरी चालते.

यातून आपल्यासाठी धडा असा, की ट्रिगर निवडताना पहिला प्रश्न ‘किती हलका?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘ही रायफल कोणत्या कामाला लावायची आहे?’

नियमांचं पुस्तक काय म्हणतं

हाच प्रश्न आंतरराष्ट्रीय नियमांतही दिसतो. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादा नाही. एअर पिस्तूलला किमान ५०० ग्रॅम लागतात आणि २५ मीटर पिस्तूलला किमान १००० ग्रॅम. ३०० मीटरच्या स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅम. बर्फावर स्कीइंग करत धापा टाकत मारायच्या बायथलॉनमध्ये रायफलला किमान ५०० ग्रॅम. गोठलेल्या बोटांनी आणि धडधडणाऱ्या छातीने १०० ग्रॅमचा ट्रिगर कोण सांभाळणार?

आता विचार करा. राही सरनोबतांची २५ मीटर पिस्तूलमधली पदकं किमान एक किलोच्या ट्रिगरवर आलेली आहेत. जड ट्रिगरवर दहा मारता येत नाही, हे म्हणणं तिथेच निकालात निघतं.

मग ट्रिगरने बिघडतं काय?

बिघडतं, आणि भरपूर बिघडतं. फक्त ते वजनामुळे नाही, तर सुटण्याच्या क्षणी रायफल हलल्यामुळे. हिशेब करून बघू. समजा ट्रिगर सुटताना बोटाच्या झटक्याने नळीचं टोक मागच्या साईटच्या तुलनेत फक्त ०.१ मिलिमीटर हललं. दोन्ही साईटमधलं अंतर ८०० मिलिमीटर धरू. समरूप त्रिकोण मांडा : ५० मीटरवर गोळी ६.२५ मिलिमीटर बाजूला पडेल. ५० मीटरच्या रायफल टार्गेटवर एका रिंगपासून पुढच्या रिंगचं अंतर ८ मिलिमीटर असतं. म्हणजे कागदाच्या जाडीएवढ्या हलण्याने पाऊण गुण गेला! १० मीटरवर हीच चूक १.२५ मिलिमीटर, आणि तिथे रिंगचं अंतर २.५ मिलिमीटर. म्हणजे अर्धा गुण. स्वप्नील कुसाळे यांचा पॅरिसच्या फायनलचा स्कोअर ४५१.४ होता. तिथे दशांशाने खेळाडू आत-बाहेर होतात, हे आपण टीव्हीवर पाहिलंच.

हे हलणं टाळायचं तर ट्रिगर प्रत्येक वेळी *त्याच जागी, त्याच दाबाला* सुटला पाहिजे. बोटाला ते पाठ झालं पाहिजे. समजा तुमच्यापुढे दोन ट्रिगर आहेत. पहिल्याचा सरासरी दाब ८० ग्रॅम, पण वीस वेळा मोजला तर कधी ६० ला सुटतो, कधी १०५ ला. दुसऱ्याची सरासरी १४० ग्रॅम, पण तो कायम १३६ ते १४४ च्या मधेच सुटतो. कोणता घ्याल? दुकानात बोट लावून बघणारा पहिला घेईल. स्टॅटिस्टिक्सचा पेपर सुटलेला माणूस दुसरा घेईल. सरासरीपेक्षा प्रमाण विचलन बघायचं, हे सर आपल्याला उगाच शिकवत नाहीत.

एक खरी केस

आमच्या मजल्यावर शिरोळ तालुक्यातला एक ज्युनिअर आहे. देशी बनावटीची पॉइंट वन सेव्हन सेव्हन एअर रायफल घेऊन तो ओपन साईट गटात खेळायचा. पुढच्या सीझनला पीप साईट गटात उतरायचं म्हणून त्याने रायफल कन्व्हर्ट करायला काढली. मागे डायऑप्टर साईट, ॲडजस्टेबल बट आणि नवीन ट्रिगर. एक दिवस तो मोबाईलमधला फोटो घेऊन खोलीवर आला.

“दादा, हा ट्रिगर बघा. तीस ग्रॅमवर सुटतो म्हणे. परदेशातनं मागवायचा.”

“केवढ्याला?”

“बाविस हजार. उसाचं बिल आलंय. बाबांनी त्यातनंच बाजूला काढून ठेवलेत.”

“तुझ्या रायफलीत बसतो का तो?”

“थोडं घासावं लागंल म्हणतोय विकणारा. आपल्या वर्कशॉपमध्ये होईल की!”

बाविस हजार ही काही हॉस्टेलच्या पार्टीची रक्कम नाही. एक हंगाम, त्यातलं पाणी, खत आणि तोडणीवाल्यांच्या पाया पडणं, हे सगळं त्या आकड्यात आहे. शिवाय निवड चाचणीला तीन महिने राहिले होते. म्हणून म्हटलं, गड्या, आपण इंजिनिअरसारखं करू. वहीवर डिसिजन मॅट्रिक्स मांडू.

चार पर्याय होते. पहिला, आहे तोच ट्रिगर साफ आणि सर्व्हिस करून वापरायचा. दुसरा, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा टू-स्टेज मॅच ट्रिगर बसवायचा. तिसरा, हा फोटोतला तीस ग्रॅमवाला. चौथा, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर.

इलेक्ट्रॉनिकबद्दल थोडं सांगतो, कारण त्याचं पोरांना फार आकर्षण आहे. त्यात बोट फक्त एक स्विच दाबतं आणि पुढचं काम सोलेनॉइड करतो. स्प्रिंगचा रेटा बोटापर्यंत येतच नाही, त्यामुळे सातत्य उत्तम. मोरिनीचं सीएम १६२ ईआय हे एअर पिस्तूल आणि वॉल्थरची एलजी ४०० ई ही एअर रायफल असे मोठे मेकर हे देतात. पण ते त्या त्या हत्याराबरोबर मुळातून डिझाईन केलेलं असतं. देशी रायफलीत वरून ठोकून बसवायची ती वस्तू नव्हे. किंमत आणि बॅटरीची कटकट वेगळीच.

मग आम्ही निकष ठरवले. सुरक्षितता हा गुणांचा विषय नाही, ती पास-नापास. नापास झाला तो पर्याय तिथेच बाद. उरलेल्यांना सातत्यासाठी ४० गुण, सर्व्हिस आणि सुटे भाग मिळण्यासाठी २५, ॲडजस्टमेंटसाठी २० आणि किमतीसाठी १५.

“दादा, हलकेपणाला किती?”

“शून्य.”

तो जरा नाराज झाला. पण तिसरा पर्याय पहिल्याच फाटकावर पडला, कारण बसवण्यासाठी सिअर घासावा लागणार होता. इथे मटेरियल सायन्स येतं. बऱ्याच सिअरचा पृष्ठभाग केस हार्डनिंग केलेला असतो, म्हणजे वर पातळ कडक थर आणि आत मऊ, चिवट पोलाद. कानस फिरली की तो थर जातो. पहिले काही दिवस ट्रिगर लोण्यासारखा चालतो, कारण घासून गुळगुळीत झालेला असतो. मग मऊ धातू झिजत जातो, कोन बदलतो आणि एक दिवस बोट न लावताच रायफल सुटते. सिअरच्या कोनात एखाद्या अंशाचा फरक पडला, तरी स्प्रिंग कडीला आत धरण्याऐवजी बाहेर ढकलायला लागते. वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये धरून हाताने तो कोन राखणं अशक्य आहे. फिटिंगच्या जॉबला आपला काटकोन किती काटकोनात येतो, हे ज्याने त्याने आठवावं.

चौथा पर्याय सर्व्हिस आणि किमतीवर मागे पडला. राहिले पहिले दोन. पहिल्यात सातत्य बरं होतं, पण पट्टी पुढे-मागे करायची सोय नव्हती. मॅचच्या रायफलीत ही सोय महत्त्वाची असते. बोटाचं पहिलं पेर पट्टीवर सरळ मागे दाब देईल अशी जागा मिळाली नाही, तर प्रत्येक शॉट बाजूला ढकलला जातो. थ्री पोझिशनवाल्यांना तर नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग असं तीन वेळा शरीर बदलायचं असतं. शेवटी दुसरा पर्याय जिंकला. प्रशिक्षकांनी परवानाधारक डीलरकडच्या आर्मररकडून तो बसवून घेतला. खर्च बाविस हजारांच्या निम्म्याच्याही आत आला. उरलेल्या पैशांत पेलेट्स आणि रेंजची फी.

ट्रिगर १५० ग्रॅमच्या आसपास लावला आहे. पहिला आठवडा तो म्हणायचा, “जड वाटतोय दादा.” तिसऱ्या आठवड्यापासून म्हणेनासा झाला. ग्रुप आधी डावीकडे पसरायचा, आता मधे गोळा व्हायला लागलाय. निवड होईल, न होईल. पण शॉट कुठे गेला हे बंदूक खाली ठेवण्याआधीच त्याला सांगता येतं, ही माझ्या मते मोठी कमाई आहे.

निवडताना विचारायचे प्रश्न

कापून भिंतीला चिकटवायला सोयीचं व्हावं म्हणून क्रमाने देतो :

१. रायफल कोणत्या गटासाठी, कोणत्या कामासाठी आहे? त्या गटाचा वजनाचा नियम काय?
२. हा ट्रिगर माझ्याच मॉडेलसाठी बनवलेला आहे का? ‘थोडं घासून बसतो’ याचा अर्थ ‘बसत नाही’ असाच घ्यावा.
३. सिंगल स्टेज की टू-स्टेज? शिकणाऱ्याने टू-स्टेज घ्यावा. सिंगल स्टेजमध्ये पहिल्या टप्प्याचा विसावा नसतो.
४. वीस वेळा मोजल्यावर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दाबात फरक किती?
५. सुटल्यानंतर पट्टी पुढे धावते का? त्याला ओव्हरट्रॅव्हल म्हणतात. तो थांबवायचा स्क्रू असावा, नाहीतर गोळी नळीत असतानाच बोट आदळतं.
६. सुटा भाग आणि दुरुस्ती पुण्या-मुंबईपर्यंत तरी मिळते का?
७. आपल्याकडच्या पावसात टिकेल का? जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. सिअरवर गंज आला किंवा घट्ट तेलात धूळ बसली, की सातत्य संपलं. तेल थेंबभर, आणि तेही आर्मररला विचारून.

बसवून झाल्यावर आर्मररकडून तपासणी करूनच घ्यायची. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री, मग बोल्ट जोरात बंद करून, रबरी हातोडीने स्टॉकला टिचक्या मारून आणि सेफ्टी लावून-काढून बघणं. यात एकदा जरी सिअर सुटला तरी तो ट्रिगर परत.

कायदा आणि हॉस्टेल

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वाचा. १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं कलम ५ सांगतं, की अग्निशस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं किंवा कन्व्हर्ट करणं हे परवान्याशिवाय करता येत नाही. कलम ६ नळी आखूड करणं आणि नकली बंदुकीची खरी करणं याबद्दल आहे. २०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बोअरच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागतो. आपली मॅच एअर रायफल अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास सोडते. अर्धा एम व्ही वर्ग करून बघा, साडेसात ज्यूलच्या जवळपास उत्तर येईल. म्हणजे ती मर्यादेच्या बरीच आत आहे. पण डोळ्याला लागली तर साडेसात ज्यूलही पुरेसे असतात.

म्हणून रायफल क्लबच्या लॉकरमध्ये ठेवा, हॉस्टेलवर आणूच नका. रेक्टर सरांसाठी नव्हे, रूममेटसाठी. आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ट्रिगरचं काम काढू नका. मशीनशॉपच्या मामांना विचारलंत तर तेही हाकलूनच देतील, आणि बरोबर करतील.

थोडक्यात काय

ट्रिगर हा दहा मारून देणारा भाग नाही. चांगला ट्रिगर फक्त एवढंच करतो, की तुमची चूक झाली तर ती तुमचीच होती हे स्वच्छ दाखवतो. त्यामुळे हलका शोधू नका, इमानदार शोधा. तो कंपनीचा असावा, आपल्या मॉडेलचा असावा आणि जाणत्या माणसाने बसवलेला असावा. राहिलेले पैसे पेलेट्सवर घालवा आणि राहिलेला वेळ ड्राय फायरिंगवर. रेंजवर गेलात तर बघा, जुनी मुरलेली नेमबाज मंडळी ट्रिगरबद्दल फार बोलतच नाहीत. त्यांच्या बोटाला तो पाठ झालेला असतो.

ज्युनिअर मंडळींना अजून काही शंका असतील, तर रात्रीच्या जेवणानंतर खोलीवर या. येताना वही घेऊन या, मोबाईलमधले फोटो नकोत.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी